गट्टूखाली दबलेली बाग

वर्ध्यात फ्लॅट स्कीममधलं झाड तोडायचा विषय सहसा मे महिन्यात निघत नाही. तेव्हा पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो, नवतपा सुरू असतो आणि त्याच झाडाखाली गाडी लावायला मिळावी म्हणून सगळ्यांची धडपड चाललेली असते. विषय निघतो तो जूनच्या पहिल्या वादळानंतर. फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडते, ग्रुपवर फोटो येतो, "याचा एकदाचा बंदोबस्त करा" असं चार जण लिहितात आणि रविवारी मशीनवाला येतो. दुपारपर्यंत पंचवीस वर्षांची सावली ट्रॉलीत भरून निघून जाते.

मशीनवाल्यावर राग काढून काही होत नाही. त्या झाडाची गत त्याच्या कितीतरी वर्षं आधी ठरून गेलेली असते. स्कीम उभी राहताना जमिनीत काय भरलं, पुढे बुंध्याभोवती काय अंथरलं, फांद्या कुणी आणि कशा छाटल्या, यावर ती ठरते. या सगळ्याकडे लक्ष ठेवणं हे कुणाचंच काम नसतं, ही त्यातली मोठी गोष्ट. म्हणून शेंड्याकडे बघण्याआधी जमिनीकडे बघू.

वर्धा जिल्हा बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. त्या पाषाणाची झीज होऊन जी काळी कापसाची माती तयार झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा हलत्या मातीवर इमारतीचा पाया टेकवता येत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदकाम करतात. निघालेली काळी माती ट्रकने बाहेर जाते, पाया वर आला की भोवतीची जागा मुरमाने भरतात, आणि त्या भरावात विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, फरशीच्या कपच्या असं सगळं मिसळतं. नकाशावर हिरव्या रंगाने रंगवलेली बाग बऱ्याच ठिकाणी या मलब्यावर उभी राहते. ताबा द्यायच्या आधी वरून चार-सहा इंच माती पसरतात, फूटभर खड्डे करून रोपं लावतात आणि हिरवळीचे तुकडे अंथरतात. फोटो छान येतो.

ज्यांना आपल्या स्कीममधली बाग दर वर्षी का मरते हे समजून घ्यायचं असेल, त्यांनी एका मेलेल्या रोपाशेजारी सब्बल घेऊन दोन फूट खणून पाहावं. वरची माती चटकन निघते. मग सब्बल खणकन वाजते, कारण खाली दाबून बसलेला मुरूम असतो. त्यातून पांढुरकी ढेकळं निघतात, ती वाळलेल्या चुन्या-सिमेंटची. रोप उपटलं तर मुळांचा गोळा अजून नर्सरीच्या पिशवीच्याच आकाराचा दिसतो, कारण बाजूला पसरायला त्याला वाटच मिळालेली नसते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि तासाभराने ते तसंच उभं दिसलं, तर पावसाळ्यात मुळं कुजणार आणि उन्हाळ्यात होरपळणार, हे तिथंच कळतं. रोप मेलं की माळ्याने पाणी घातलं नाही म्हणून त्याला बोलणी बसतात. त्याच्या हातात तेव्हा फारसं काही उरलेलं नसतं.

सिमेंटचा आणखी एक त्रास आहे. ते अतिशय अल्कधर्मी असतं, आणि आपली काळी मातीही मुळात त्याच बाजूला झुकलेली, चुनखडीची. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. आर्वी, आष्टी, कारंजा घाडगे भागातला संत्र्याचा बागायतदार हे लक्षण लांबूनच ओळखतो, कारण चुनखडीच्या जमिनीतल्या त्याच्या संत्र्यांनाही तोच त्रास होतो. फ्लॅटमधले लोक मात्र पिवळं पान दिसलं की युरिया टाकतात. शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि जरूर असेल तर लोहाची फवारणी, हा त्याच्यावरचा मार्ग आहे. आणि नवीन लागवड असेल तर तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून मलबा पूर्ण बाहेर काढावा, चांगली माती आणि शेणखत भरावं. याला सोपा पर्याय नाही.

इतकं सगळं सोसून जे झाड वाढतं, त्याच्या वाट्याला गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, येतात. गेल्या काही वर्षांत विदर्भात गट्टू बसवणं म्हणजे परिसर सुधारणं, असंच समीकरण झालं आहे. चिखल होत नाही, झाडायला सोपं जातं, गाड्या सरळ लागतात, हे सगळं खरं. पण झाडाचं काय होतं ते बघा. मुळं खोलवर जातात अशी आपली समजूत असते. पाणी आणि अन्न शोषणाऱ्या बारीक मुळ्या मात्र बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. गट्टू बसवण्याआधी जमीन खोदून, रोलर फिरवून दाबतात, तेव्हा यातल्या कित्येक मुळ्या तुटतात आणि उरलेल्यांची हवा बंद होते. झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या अन्नावर ते दोन-चार वर्षं काढतं, मग शेंड्याकडून वाळत येतं. तोवर गट्टू बसवल्याचं सगळे विसरलेले असतात, आणि झाडाला कीड लागली असं ठरतं.

दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं सिमेंट काढून किमान एक मीटर जागा मोकळी करा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. मोठ्या झाडाला एक मीटर कमीच पडतो, पण सुरुवात म्हणून ठीक आहे. दोन माणसं एका दिवसात चार-पाच झाडांभोवतीचे गट्टू उचलू शकतात. उघडी झालेली माती काट्याने हलकेच सैल करावी, कुदळीने खणू नये. त्यावर पालापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर द्यावा, आणि तो बुंध्याला चिकटू देऊ नये.

आता भिंतीच्या तड्यांकडे येऊ, कारण झाड तोडायच्या अर्जात वाहनांच्या नुकसानीखालोखाल हेच कारण दिलेलं असतं. काळ्या मातीत ही तक्रार निराधार नाही. झाड उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतं, माती जास्त आकसते, आणि पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंत बसते. कंपाउंडची भिंत, गेटजवळची चौकी, नंतर जोडलेली शेड यांचा पाया उथळ असतो, त्यामुळे पहिले तडे तिथंच दिसतात. ब्रिटनमध्ये १९७६ च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरच्या असंख्य घरांना असेच तडे गेले आणि विमा कंपन्यांपुढे दाव्यांचा ढीग लागला. झाडं आणि चिकणमाती यांच्या नात्याचा बारकाईने अभ्यास तिथं व्हायला लागला, त्याला ते वर्ष मोठं कारण ठरलं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. मोठं झाड एकदम तोडलं तर धोका संपतोच असं नाही, कधी कधी तो सुरू होतो. झाडाने कित्येक वर्षं कोरडी ठेवलेली माती, ते गेल्यावर हळूहळू पाणी पिते आणि फुगते. ही फूग काही वर्षं चालू राहू शकते, आणि ती पायाला खालून वर ढकलते. इमारत झाडाच्या नंतर बांधलेली असेल तर हा धोका जास्त. म्हणून तडा दिसला की आधी मोजमाप करावं. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने दोन खुणा कराव्यात, त्यांच्यातलं अंतर मोजून शेजारी तारीख लिहावी आणि दर महिन्याला पुन्हा मोजावं. मे महिन्यात रुंदावणारा आणि ऑगस्टमध्ये मिटणारा तडा मातीच्या आकसण्या-फुगण्याचा असतो. वर्षभर एकाच दिशेने वाढत जाणारा तडा वेगळाच रोग सांगतो. तो गटाराच्या गळक्या पाइपमुळेही असू शकतो, आणि तसा तो बरेचदा असतोच. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावताना हातात अशी वर्षभराची नोंद असेल तर त्याचं मत अंदाजावर राहत नाही.

छाटणीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण कुऱ्हाडीपेक्षा जास्त झाडं चुकीच्या छाटणीने जातात असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कडुनिंबाचा, गुलमोहराचा शेंडा सरसकट उडवतात आणि मधोमध उभा राहतो एक बोडका खांब. झाड सुरक्षित झालं, असं सगळ्यांना वाटतं. अमेरिकेच्या वन सेवेत काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि कुजणं तिथंच कोंडून ठेवायचा प्रयत्न करतं. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं, आणि ही भिंत उभी करायची सगळी ताकद त्या कड्यात असते. कडं शाबूत ठेवून त्याच्या लगत कापलं तर जखम बंदिस्त होते. खोडाला लागून सपाट कापलं, किंवा हातभर खुंट ठेवला, की कूज आत शिरते. शेंडा उडवल्यावर मधल्या खोडाला अशी कडी मिळतच नाहीत. खाली जे धुमारे फुटतात ते नुसत्या सालीच्या आधारावर असतात, भराभर वाढतात, आणि चार-पाच वर्षांनी वादळात तेच गाडीवर पडतात. म्हणजे ज्या फांदीवरून तक्रार होते, ती पुष्कळदा मागच्या छाटणीनेच तयार केलेली असते.

जड फांदी कापायची पद्धत साधी आहे. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप घ्यायचा. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापायचं, म्हणजे फांदी तुटून पडते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. शेवटी उरलेला खुंट कड्याच्या बाहेरच्या कडेने काढायचा. तीन काप, दहा मिनिटं. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नये, त्याने ओल आत कोंडते. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त हिरवा पसारा काढू नये. मशीनवाल्याला हे आधीच सांगावं आणि तो काम करत असताना कुणीतरी खाली उभं राहावं.

काही झाडं तोडावीच लागतात. बुंध्याशी लाकडी, चकचकीत भूछत्रं उगवली असतील तर मुळांत कूज शिरलेली असण्याची शक्यता मोठी असते. झाड अलीकडेच कललं असेल आणि उलट बाजूची माती उचलली गेली असेल, तर वाट बघू नये. पोकळ खोड मात्र दरवेळी धोक्याचं नसतं. झाडाची ताकद बाहेरच्या कवचात असते. जर्मन अभ्यासक क्लाउस मॅथेक यांच्या मोजमापानुसार, उरलेल्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर पोकळ झाडही उभं राहू शकतं. वाळलेल्या दिसणाऱ्या झाडालाही थोडा वेळ द्यावा. २०२१ च्या सुमारास तेलंगणात कडुनिंबांचे शेंडे मोठ्या प्रमाणावर करपले होते. तो बुरशीचा रोग होता. झाडं मेली असं समजून लोक घाबरले, पण पुढे कितीतरी झाडांना पुन्हा पालवी फुटली. सालीवर नखाने ओरखडा काढून पाहावा. खाली हिरवं ओलसर दिसलं तर ते झाड जिवंत आहे.

वर्ध्यात झाडांसाठी माणसं उभी राहत नाहीत असं कुणी म्हणू नये. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं तोडली गेली, तेव्हा कोरोनाच्या धास्तीतही नागरिक रस्त्यावर आले. या रस्त्याचं महत्त्व वेगळं आहे. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचं पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं, तिकडे जाणारी ही वाट. आश्रमाच्या आवारात त्यांनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आजही दाखवतात. त्याची निगा राखणारे लोक आहेत, म्हणून तो आहे. रस्त्यावरच्या झाडाचं तसंच. तिथून रोज जाणाऱ्या हजारोंना ते आपलं वाटतं आणि ते कापायला लागलं की सगळ्यांना दिसतं. कंपाउंडच्या आतल्या झाडाला हे साक्षीदार मिळत नाहीत. ते खासगी, म्हणजे कमिटीच्या मर्जीतलं, असं आतले आणि बाहेरचे दोघंही धरून चालतात.

कायदा तसं धरत नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे, आणि तो खासगी जागेतल्या झाडालाही लागू होतो. नगर परिषदेच्या हद्दीत झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो, पाहणी होते, जाहीर नोटीस लागते, हरकती मागवतात. जाळणं किंवा इजा करणं हेही त्या कायद्यात तोडण्यातच धरलं आहे, त्यामुळे मुळाशी अ‍ॅसिड ओतून झाड "आपोआप" वाळवणंही गुन्हाच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. तीस वर्षांचा कडुनिंब तोडला तर तीस रोपं. ज्या स्कीममध्ये तीन रोपं लावायला जागा नाही, तिने अर्ज करण्याआधी हा हिशेब मांडावा.

पण वर्ध्याची खरी अडचण हद्दीची आहे. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसवलेलं हे शहर आता चारी बाजूंनी वाढलं आहे, आणि नवे लेआउट, नव्या स्कीम मोठ्या प्रमाणात सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी अशा लगतच्या गावांत झाल्या. घरं शहरासारखी, रस्ते शहराला जोडलेले, पण कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतींचा. १९७५ चा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा चालतो, आणि तो अनुसूचीतल्या सोळा झाडांपुरताच बोलतो. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, खैर, चंदन, हिरडा, बिजा, ऐन, हळदू वगैरे. कडुनिंब त्यात नाही, वड-पिंपळ नाहीत, गुलमोहर तर नाहीच. आणि फ्लॅटच्या आवारात प्रामुख्याने असतात ती हीच झाडं. एकाच रस्त्याच्या अलीकडच्या स्कीममधला कडुनिंब कायद्याने राखलेला आणि पलीकडच्या स्कीममधला मोकाट, अशी ही स्थिती आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचं झाड वापरता यावं म्हणून ग्रामीण कायदा मर्यादित ठेवला, ते योग्यच होतं. पाचमजली इमारती त्याच्याखाली येतील हे १९६४ मध्ये कुणी कशाला धरलं असेल? ही फट बुजवायला हवी. तोवर ग्रामपंचायतीला ग्रामसभेत ठराव घेऊन निदान जुन्या झाडांची यादी करता येते, आणि ती तिने करावी.

खुल्या जागेचा नियम मात्र दोन्हीकडे सारखा आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली ४,००० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवायला सांगते. ती जागा मंजूर नकाशात असते. फ्लॅट घेताना लोक किचनच्या कडाप्प्याची लांबी मोजतात. नकाशातली खुली जागा प्रत्यक्षात कुठं आहे आणि तिच्यावर ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, पार्किंगची शेड तर नाही ना, हे बघायला फार थोडे जातात. माहितीपत्रकात बाग दाखवून ती दिली नसेल, तर रेरा कायद्याचं कलम १२ ग्राहकाच्या बाजूने आहे.

आणि बाग कुणाची? नागपूर-वर्ध्याकडे बऱ्याच स्कीम सहकारी गृहनिर्माण संस्थेऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, घोषणापत्र नोंदवून झालेल्या असतात. त्या कायद्यात सामाईक जागांच्या व्याख्येत अंगण, बागा, पार्किंग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येक फ्लॅटधारकाचा त्यात अविभाज्य हिस्सा असतो. म्हणजे तळमजल्यावरच्या कुटुंबाला पालापाचोळ्याचा त्रास होतो म्हणून, किंवा अध्यक्षांना दोन गाड्या लावायच्या म्हणून, बाग परस्पर सपाट करता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या पुण्यातल्या मालकाचाही त्या कडुनिंबात हिस्सा आहे. अडचण एवढीच, की त्याला ते माहीत नसतं.

हिरवळीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: वर्ध्यात ती लावू नये. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ जगवायला दिवसाला पाच मिलिमीटर कमीत कमी धरले तरी पाचशे चौरस मीटरला रोज अडीच हजार लिटर लागतात, म्हणजे दोन दिवसांत पाच हजार लिटरचा एक टँकर. धाम नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या गावाला हे परवडत नाही, आणि एप्रिलमध्ये पाणी तुटलं की पहिली हिरवळच मरते. मग त्या मातीच्या तुकड्यावर गट्टू बसवायचा प्रस्ताव येतो. बागेचं पार्किंग होण्याची वाट या हिरवळीतूनच जाते.

तेच पाणी झाडाला दिलं तर काय मिळतं? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट इतकी ऊर्जा लागते, आणि ती भोवतालच्या उष्णतेतून जाते. पाणी मिळत असलेलं मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी पानांवाटे सहज सोडतं. त्यात खर्च होणारी उष्णता दीड टनाच्या एसीने बारा-तेरा तास काढलेल्या उष्णतेइतकी भरते. सावली वेगळीच. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर सावली असेल तर रात्री ती भिंत घरात आग ओकत नाही, हे वर्ध्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून झाडं कोणती हा प्रश्न महत्त्वाचा. सजावटीचे रॉयल पाम आणि सरळसोट खोटे अशोक सावली देत नाहीत. झटपट हिरवी भिंत म्हणून लावतात तो कोनोकार्पस तर टाळावाच, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीला मनाई केली आहे. गुलमोहर दिसायला सुंदर, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, त्याची जागा गाड्यांपासून लांब. वड, पिंपळ, उंबर यांना इमारतीपासून दहा मीटर तरी दूर, खुल्या जागेत मान द्यावा, आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच काढावा. साइड मार्जिनसाठी बहावा, कांचन, बकुळ, पुत्रंजीवा अशी मध्यम झाडं चालतात. पश्चिमेला थोडी जागा असेल तर कडुनिंब आणि करंज यांच्याइतकं वर्ध्याच्या उन्हाला तोंड देणारं दुसरं काही सुचत नाही.

पालापाचोळा जाळू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जाळण्याला मनाई केली होती आणि बागेचा कचरा आवारातच वेगळा साठवायला सांगितलं होतं. कोपऱ्यात जाळीचा चार बाय चारचा पिंजरा करून पानं त्यात टाकत गेलं, अधूनमधून ओलवलं, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत खत तयार होतं. बाहेरून ट्रॉलीभर शेणखत विकत आणण्याचा खर्च त्याने वाचतो.

लिफ्टसाठी प्रत्येक स्कीम वर्षाचा करार करते, तिची तपासणी होते, वहीत सही होते. झाडांची तशी वही मला क्वचितच दिसली. एक साधं रजिस्टर पुरतं: प्रत्येक झाडाला नंबर, जात, छातीच्या उंचीवरचा बुंध्याचा घेर, एक फोटो, छाटणीची तारीख, आणि करणाऱ्याचं नाव. नगर परिषदेची वृक्षगणना आली की हीच वही पुढे ठेवता येते, आणि उद्या परवानगीशिवाय झाड गेलं तर पुरावाही तोच. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, माहीतगार माणसाला फिरवून धोक्याच्या फांद्यांवर खडूने खूण करावी, म्हणजे जूनमध्ये घाईघाईने शेंडे उडवायची वेळ येत नाही. देखभालीच्या वर्गणीत "झाडं" असा स्वतंत्र मथळा असावा. "साफसफाई"च्या मथळ्याखाली टाकलेले पैसे झाडून काढण्यातच संपतात.

नव्या लागवडीचे खड्डे मे महिन्यात करून उन्हाने तापू द्यावेत आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर जुलैमध्ये रोपं लावावीत. चार-पाच फुटी रोप घ्यावं, पिशवीत मुळं गोल फिरलेली असतील तर ती मोकळी करावीत. पहिले तीन उन्हाळे त्याला आठवड्यातून दोनदा, पण भरपूर पाणी लागतं. पाण्याची पाळी कुणाची, हे लावायच्या दिवशीच फ्लॅट नंबरानिशी लिहून नोटीस बोर्डावर लावावं.